काडीची पावलं

मित्रांनो, दुकानाच्या काचेमागे उभ्या असलेल्या चकचकीत, घडी घालून पलंगाखाली सरकवता येणाऱ्या ट्रेडमिल तुम्ही पाहिल्या असतील. नात्यानं त्या माझ्या भाच्या लागतात, पण आमचं फारसं जमलं नसतं. मी त्यांच्याहून कितीतरी जुनी, बोजड आणि आवाजी आहे. दोन पलंग एकापुढे एक ठेवावेत एवढा माझा पट्टा लांब. त्या पट्ट्याखाली, माझ्या पोटात, पोलादाचे जाड पत्रे बसवलेले आहेत. माझ्यावर पाऊल पडलं की ते किती जोरानं पडलं, किती वेळ टेकलं आणि केव्हा उचललं गेलं, हे त्या पत्र्यांना कळतं. पोट कमी करायला आलेल्या माणसांसाठी मी जन्मले नाही. माणूस जास्तीत जास्त किती वेगानं पळू शकतो आणि त्याच्यापुढे का पळू शकत नाही, हे शोधण्यासाठी मला बनवलं होतं.

ते शोधताना मी जे पाहिलं, ते सांगायला आज बसले आहे. बसले म्हणजे काय, मला आता कुणी हलवतच नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक बाई माझ्या पत्र्यांखालच्या बारीक तारा जोडायची. एक तार जोडून झाली की तळहातानं पत्रा दाबायची आणि समोरचा काटा हलला की स्वतःशीच मान डोलवायची. माझ्यावर पहिली पावलं पडली ती तिचीच. चपला काढून ती माझ्यावर हळूहळू चालली आणि म्हणाली, "हिला सगळं कळतंय. द्या पाठवून."

मला पाठवलं ते एका मैदानाला लागून असलेल्या प्रयोगशाळेत. तळमजल्यावरची खोली, एका बाजूला मैदानाकडे उघडणारी मोठी खिडकी, दुसऱ्या बाजूला लोखंडी दार. मी दारातून मावेना. चौकट काढली, तरी मावेना. शेवटी भिंतीचा तुकडा फोडावा लागला. तिथले मिस्त्री धुळीत उभे राहून म्हणाले, "यंत्र आणलंय की सासूबाई? एवढ्या मानानं घरात घ्यावं लागतंय ते." पुढची कितीतरी वर्षं माझं तेलपाणी त्यांनीच केलं. कुणी पाहुणा आला की ते माझी ओळख करून द्यायचे, "हिला खायला वीज लागते. रुसायला मात्र कारण लागत नाही."

त्या खोलीची मालकीण म्हणजे ताई. सगळे तिला मॅडम म्हणत. पण तिचा धाकटा भाऊ तिला ताई म्हणायचा, आणि मला ती त्याच्याच तोंडून कळत गेली, म्हणून माझ्याही लेखी ती ताईच. लहानपणी तिलाही पळण्याचं वेड होतं. शाळेच्या छोट्या शर्यतीत ती कायम शेवटून पहिली यायची. पण शर्यत संपून मुलं घरी गेली, तरी ही मैदानाला फेऱ्या मारत राहायची आणि दमायची नाही. असं का, हे तिला कुणी धड सांगेना. त्या एका प्रश्नापायी ती शिकत गेली आणि माणसाच्या स्नायूंचा अभ्यास करता करता माझ्यापर्यंत पोचली.

भाऊ तिच्याहून बराच लहान. वडील लवकर गेले. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला, दिवसपाळी आणि रात्रपाळी आलटून पालटून. त्यामुळे भावाला न्हाऊमाखू घालण्यापासून त्याचा अभ्यास घेण्यापर्यंत सगळं ताईनं केलं. त्याच्या पिंडऱ्या अगदी बारीक, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्याचं नाव काडी ठेवलं आणि तेच कायम झालं. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर असेल. मी ते कधी ऐकलं नाही.

माझ्यावर पळायची एक रीत होती. आधी पट्टा पूर्ण वेगात सोडायचा. पळणारा दोन्ही बाजूंच्या कडांवर पाय फाकून उभा, हात दांड्यांवर, छतातून आलेला दोर कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला. मग एक मोठा श्वास घेऊन त्या पळत्या पट्ट्यावर उतरायचं. पहिल्यांदा उतरताना भल्याभल्यांची गाळण उडायची. काडी पहिल्या दिवशी आला तेव्हा विशीत होता. तो असा उतरला, की जणू घराच्या पायरीवरून अंगणात उतरतोय.

मित्रांनो, पावलांवरून मला माणूस कळायचा. इतरांची पावलं माझ्यावर आपटायची. काडीचं पाऊल, तापलेल्या तव्याला बोट लागावं तसं, टेकलं न टेकलं की निघून जायचं. पण त्या टेकण्यात त्याच्या अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट जोर असायचा. माझे पत्रे थरथरायचे. मिस्त्री कान लावून ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, "पोरगं पळत नाही, टकटक करतंय."

त्या दिवशी पळणं झाल्यावर काडी माझ्या कडेवर बसून पाणी पीत होता. ताई त्याला समजावत होती, "मांडीत दोन जातीचे तंतू असतात. एक निवांत. ते दिवसभर राबतील, पण दमायचे नाहीत. दुसरे तापट. एका झटक्यात होतं नव्हतं ते देऊन टाकतात आणि थोड्याच वेळात रिकामे होतात. माझ्यात पहिल्या जातीचे भरलेत. तुझ्यात दुसऱ्या."

"म्हणजे वाटणीत तुला वात आली आणि मला काडी."

"नाव काय उगाच पडलंय तुझं?"

तो हसला. मग विचारलं, "आणि बदलतात का गं ते?"

"व्यायामानं सुधारतात. जाड होतात, शिस्तीत येतात. पण निवांतचा तापट सहसा होत नाही. जेवढे घेऊन आलास तेवढ्यांतूनच काढायचं."

"मग भरपूर आणलेत मी," तो म्हणाला.

आणलेच होते. त्याला घडवणारे सर दर आठवड्याला त्याच्याबरोबर यायचे. सर म्हणजे उन्हानं रापलेला चेहरा, गळ्यात शिट्टी आणि तोंडात एकच शब्द, "आणखी." शाळेच्या मैदानावर या पोराला त्यांनीच हेरलं होतं. स्वतःच्या घरी नेऊन त्याला अंडी-दूध खाऊ घातलं, पळायचे पहिले खिळ्यांचे बूट स्वतः घेऊन दिले. माणूस मनाचा वाईट नव्हता. फक्त एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसली होती, की माणसाच्या अंगात नेहमी थोडंसं शिल्लक असतं, आणि जो ते काढत नाही तो अंगचोर. उशिरा येणारा अंगचोर, ताप आलेला अंगचोर, जांभई देणाराही अंगचोर.

पहिली काही वर्षं फार आनंदाची गेली. काडी दरवर्षी आधीपेक्षा वेगानं पळायचा. जिंकून आला की पेढा आधी ताईच्या तोंडात आणि मग उगाच एक कण माझ्या दांडीवर ठेवायचा. मुंग्या व्हायच्या आणि मिस्त्री करवादायचे. वर्तमानपत्राचा माणूस आला तेव्हा काडीनं फोटो माझ्याजवळ उभं राहून काढून घेतला. लांबून लांबून लोक मला बघायला येत. माझ्यावर रोज सकाळी कोरडं फडकं फिरत असे. मला वाटायचं, हे असंच चालणार.

मग एका वर्षी त्याचा वेग वाढला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. देशाच्या संघाचं दार अगदी समोर दिसत होतं. शर्यत संपताना संघातल्या शेवटच्या माणसाची पाठ आणि काडीची छाती यांत हातभराचं अंतर राहायचं. ते हातभर काही केल्या मिटेना.

सरांनी उपाय काढला. वजनं वाढवली. लोखंडाच्या चकत्या खांद्यावर घेऊन काडी उठाबशा काढायचा, त्यांचा खणखणाट मला भिंतीपलीकडून ऐकू यायचा. त्याच्या मांड्या भरल्या, खांदे रुंदावले. लोक म्हणायचे, काडीचा खांब झाला. पण मला कळत होतं ते वेगळंच. त्याचं वजन वाढलं होतं, ते उचलून नेण्यातच वाढलेला जोर खर्च होत होता. पाऊल टेकण्याचा वेळ तेवढाच होता. वेगही तेवढाच.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ताईनं त्याला वेगळंच काहीतरी करायला लावलं. पट्टा कमी वेगात सोडला आणि त्याला एका पायावर लंगडी घालत पळायला सांगितलं. तो हसत हसत लंगडी घालत राहिला. लंगडीत पाऊल जास्त वेळ टेकतं. आणि माझे पत्रे असे दबले, की तो भरधाव पळतानाही कधी तसे दबले नव्हते. ताईनं पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच.

तुम्हाला सांगते मित्रांनो, याचा अर्थ काय. त्या पायात जोर भरपूर होता. भरधाव पळताना वापरता येईल त्याहून कितीतरी जास्त. कमी पडत होता तो वेळ. स्नायू आवळायला लागतो, जोर भरत जातो, पण तो पुरता भरण्याआधीच जमीन पायाखालून निघून गेलेली असते. पापणी मिटून उघडते, त्याच्याही आत पाऊल टेकून उचललं गेलेलं असतं. तेवढ्या वेळात माणसाचा स्नायू जेवढं देऊ शकतो, तेवढं काडी देत होता, सगळंच्या सगळं. माझ्यावर कितीतरी जण पळाले होते. इतकं काठोकाठ देणारा दुसरा कुणी मी पाहिला नव्हता. आणि काठोकाठ भरलेल्यात आणखी काय ओतणार?

काडी अंघोळीला गेला. ताई संगणकाच्या पडद्यासमोर बसून राहिली. चहा गार झाला. मिस्त्रींनी आत डोकावून विचारलं, "मॅडम, यंत्र बिघडलंय का?"

"नाही मिस्त्री. यंत्र अगदी ठीक आहे."

तिला दोन गोष्टी एकदमच कळल्या होत्या. एक, की तिचा भाऊ अंगचोर नाही. आणि दुसरी, की तो याहून वेगानं कधीच पळणार नाही. पहिली सांगायची तर दुसरी सांगावीच लागणार. निवड शर्यत उन्हाळ्यात होती. तिनं ठरवलं असावं, की तोवर त्याची आशा मोडायची नाही. आपण चुकतही असू, यंत्राला काय सगळंच कळतं, असंही तिला वाटलं असेल. त्याच आठवड्यात बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांना तिनं माझ्याजवळ उभं राहून हे सगळं नीट उलगडून सांगितलं. फक्त कुणाच्या पायाची गोष्ट, ते सांगितलं नाही. भावाला तिनं काहीच सांगितलं नाही.

मग ती दुपार आली. काडी माझ्यावर पळत होता. सर शेजारी उभे होते, हात मागे बांधून. वेगाचा आकडा तिथेच अडलेला. सरांनी पट्टा थांबवायला लावला.

"सर, आणखी नाही निघत," काडी धापा टाकत म्हणाला.

"नाही निघत की काढत नाहीस? अरे, एवढी वर्षं घातली तुझ्यावर. आतून चोरतोयस तू. अंगचोर आहेस."

इतर मुलं दाराशी उभी होती. काडीचा चेहरा उतरला. तो ताईकडे वळला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "ताई, चोरतो का गं मी?"

ताईच्या हातात पेन होतं. ती त्याचं टोपण काढत होती, लावत होती. म्हणाली, "बघू आपण. आणखी थोडं करून बघू."

त्यानं मान हलवली आणि पुन्हा कडांवर पाय फाकून उभा राहिला. मला पट्टा सोडावा लागला. त्या दिवशी त्याची पावलं मला पहिल्यांदा जड लागली. दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी मैदानावर यायला लागला आणि सगळ्यांच्या नंतर जायला लागला. खिडकीतून मला तो दिसायचा, एकटाच. मांडीचा मागचा भाग दाबत दाबत परत सुरुवातीच्या रेषेकडे चालत जाणारा.

निवड शर्यत त्याच मैदानावर झाली. मी खोलीत होते. मला भोंग्यावरचा आवाज ऐकू आला, मग शांतता, मग बार. लोकांचा गलका उठला. शर्यतीच्या मधोमध, सगळे सर्वाधिक वेगात असतात तिथे, गलका एकाएकी तुटला. सगळे एकदम 'अरे' म्हणाले.

काडीला दोघांनी उचलून माझ्याच खोलीत आणलं आणि बाकावर पालथं झोपवलं. मांडीच्या मागचा स्नायू फाटला होता. पळताना पाय पुढे झेपावतो, तेव्हा पोटरीला आवरून धरायचं काम हा स्नायू करतो, ताणला जात असतानाच लगाम खेचतो. आधीच दमलेल्या, दुखऱ्या स्नायूला ते झेपलं नव्हतं. ताई त्याच्या मांडीवर बर्फाची पिशवी धरून उभी होती. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

बाकात तोंड खुपसून काडी म्हणाला, "सरांचंच खरं असणार. आधी चोरलं असणार मी. वेळेवर काढलं असतं, तर आज ही पाळी आली नसती."

तेव्हा ताईला राहवलं नाही. तिनं सगळं सांगितलं. लंगडीचं सांगितलं, पाऊल टेकण्याच्या वेळेचं सांगितलं. "तू काहीच चोरलं नाहीस रे. चोरायला काही शिल्लकच नव्हतं तुझ्याकडे."

मग मान वळवून त्यानं विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे?"

"थंडीपासून."

"सर ओरडले त्याच्या आधीपासून?"

"हो."

"मी तुला विचारलं होतं."

"विचारलं होतंस."

"पळणं संपलं याचं एवढं नाही वाटत ताई," तो म्हणाला. "ते आज ना उद्या संपणारच होतं. पण तुला ठाऊक असताना तू मला सगळ्यांसमोर अंगचोर होऊ दिलंस."

ताईनं बर्फाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. काडीनं ती तिच्याकडून काढून घेतली आणि स्वतःच धरून ठेवली. गाडी आल्यावर तो कुणाचा तरी खांदा धरून लंगडत गेला. त्याचं पाऊल माझ्यावर पुन्हा कधी पडलं नाही.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं, मिस्त्री आणि ताई यांच्या बोलण्यातून. पाय बरा झाल्यावर काडी दुसऱ्या शहरात गेला. तिथे लोकांच्या घरी कपाटं, पलंग पोचवणाऱ्या गाडीवर त्याला काम मिळालं, मग तो तीच गाडी चालवायला लागला. आईला तो रोज फोन करायचा. ताईनं फोन केला की उचलायचा, "बरं आहे" म्हणायचा, "तू बरी आहेस ना" म्हणायचा आणि ठेवायचा. आई गेली तेव्हा आला, सगळं नीट केलं आणि तिसऱ्या दिवशी परत गेला. मिस्त्रींनी ताईला विचारलं, "बोलला का काही?" ती म्हणाली, "आईचं कपाट कुणाला द्यायचं, तेवढं बोलला." माणसं भांडतात तेव्हा निदान आवाज तरी होतो. ह्यांच्यात आवाज नव्हता.

माझेही दिवस फिरले. नवी ट्रेडमिल आली, सडपातळ, काळी, अजिबात आवाज न करणारी. तिच्यासाठी भिंत फोडावी लागली नाही. मला कोपऱ्यात ढकललं. माझ्या दांड्यांवर मुलं ओले टॉवेल वाळत घालू लागली, पट्ट्यावर खोकी साठली. मिस्त्री निवृत्त झाले. जाण्याच्या दिवशी त्यांनी माझ्या मोटरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "आता तरी रुसू नकोस बाई. रुसवा काढायला कुणी येणार नाही." तेव्हापासून माझा एक बोल्ट सैल आहे, तो तसाच आहे.

अशी कितीतरी वर्षं गेली. ताईचे केस पिकले. आणि एके दिवशी लोखंडी दार कष्टानं ढकलून एक म्हातारा माणूस आत आला. हातात काठी, एक पाय ओढत चालणारा. गळ्यात शिट्टी नसल्यामुळे मी आधी ओळखलंच नाही. ते सर होते.

ताईनं लगबगीनं खुर्ची पुढे केली, पण ते माझ्या कडेवरची खोकी सरकवून तिथेच बसले. आजारपणात त्यांची एक बाजू लुळी पडली होती, हळूहळू परत येत होती. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग ते म्हणाले, "दवाखान्यात व्यायाम घेते ना एक मुलगी, नातीच्या वयाची. परवा मला म्हणाली, आजोबा, अंग चोरू नका, लावा जोर. आणि मी लावत होतो हो. जेवढा होता तेवढा सगळा लावत होतो. पाय हलेना. तिला कसं सांगू, ते कळेना. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

ताईनं ती खुर्ची त्यांच्यासमोर ओढली आणि बसली.

"घरी आलो आणि झोप लागेना. त्या पोराचा चेहरा पुढे यायला लागला. 'सर, आणखी नाही निघत,' म्हणायचा. तुला विचारायला आलोय. खरं बोलत होता का तो?"

"खरं बोलत होता, सर."

"पण ताकद होती गं त्याच्यात. माझ्या डोळ्यांनी बघितलीय. मग जायची कुठे?"

ताईनं त्यांना दाराशी नेलं. "हे दार ढकला." त्यांनी चांगल्या हातानं ढकललं, दार उघडलं. तिनं ते पुन्हा लावलं. "आता तेवढ्याच ताकदीनं ढकलायचं, पण हात टेकला की लगेच काढून घ्यायचा." सरांनी हात टेकवला आणि काढला. दार नुसतं थरथरलं. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा. चौथ्यांदा हात तसाच दारावर राहिला.

"वेळच नाही मिळत," ते म्हणाले.

"नाही मिळत. तेवढ्या वेळात त्याच्याइतकं देणारा मी आजवर पाहिला नाही."

सर परत येऊन माझ्यावर बसले. दोन्ही हात काठीवर, हनुवटी हातांवर. "मग मी त्याला काय काय बोललो," ते म्हणाले. थोड्या वेळानं मान वर करून म्हणाले, "तू तेव्हा का नाही सांगितलंस मला?"

"त्यालाही नाही सांगितलं, सर. नंतर सांगितलं. उशिरा."

सरांनी हात पुढे केला. "फोन लाव त्याला. माझा नाही उचलायचा."

ताईनं लावला आणि त्यांच्या हातात दिला. खोली शांत होती, पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. गाडीचा घरघराट आणि काडीचा आवाज, आता जाडसर झालेला, "हं ताई, बोल. बरी आहेस ना?"

"ताई नाही. मी बोलतोय."

पलीकडे त्यानं गाडी बाजूला घेतली. घरघर थांबली. "सर?"

"ऐक. मध्ये बोलू नकोस. मला नीट बोलता येत नाही आता." सरांनी ओठ पुसले. "तू चोरत नव्हतास. माझी चूक झाली. सगळ्या मुलांसमोर बोललो होतो, ती मुलं आता कुठे आहेत देव जाणे, नाहीतर त्यांनाही एकेकाला सांगितलं असतं."

पलीकडे गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काडी म्हणाला, "सर, तुमचा आवाज असा का येतोय? काय झालंय तुम्हाला?"

"काही नाही रे. एक बाजू गेली होती. येतेय परत."

"औषधं वेळेवर घेता ना? घरी कोण आहे?"

त्यांनी फोन ताईकडे दिला. ताईनं तो कानाशी लावला. पलीकडून तो दोनदा "ताई" म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा ती बोलली, "आहे. इथेच आहे." मग म्हणाली, "नाही रे, रडत नाहीये." मग, "तू नको येऊस, तुझं काम आहे. मी येते. रविवारी येऊ?" तिनं ऐकून घेतलं. डोळे पुसत म्हणाली, "बरं. पत्ता पाठव."

इतक्या वर्षांत आपल्या भावाच्या घरचा पत्ता तिला ठाऊक नव्हता, हे मला त्या दिवशी कळलं.

ती गेली का, काय बोलली, त्यानं तिला जेवायला थांबवलं का, हे मला माहीत नाही. शनिवारीच भिंत पुन्हा फोडून मला बाहेर काढलं आणि इथे, या गोदामात आणून ठेवलं. ताई तेव्हा जागेवर नव्हती. नेणाऱ्या माणसांना घाई होती. पट्टा भिंतीला घासला आणि एका बाजूनं फाटला. माझ्या पोटातले पत्रे मात्र अजून शाबूत आहेत. छताच्या तुळईवरून उंदीर माझ्यावर उडी मारतो, तेव्हा मला त्याचंही वजन कळतं.

मित्रांनो, माझ्यासाठी काही मागायचं नाही. यंत्र जुनं होतं, अडगळीत जातं, त्यात विशेष काही नाही. पण तुमच्यातलं कुणी उद्या पळेल, कुणी पळवेल, कुणी नुसतं कडेला उभं राहून बघेल. पळणाऱ्याला त्याच्या स्नायूंनी एक मर्यादा घालून दिलेली असते. तिच्यापर्यंत पोचायला फार कष्ट पडतात आणि फार थोडे तिथे पोचतात. जो पोचला, त्याला शाबासकी द्या आणि बसायला जागा द्या. त्याच्या दुखऱ्या पायाकडे बघा. आणि त्यानं सगळं दिलंय हे तुम्हाला एकट्यालाच ठाऊक असेल, तर ते त्याला त्याच दिवशी सांगा, चारचौघांत सांगा, तो उभा असेल तिथे जाऊन सांगा. ते ऐकून त्याला रडू येईल. येऊ द्या. तुम्ही त्याच्याजवळ असाल, एवढं त्याला पुरेल.